चौदा वर्षांचे विधुर

खानेसुमारी म्हणजे घरोघर जाऊन माणसे मोजणे, असे आपण धरून चालतो. पण माणसे मोजून झाली की त्या नोंदींचे आकडे करावे लागतात, आणि गफलत पुष्कळदा तेथेच होते. अमेरिकेच्या १९५० सालच्या खानेसुमारीची हकीगत या बाबतीत ऐकण्यासारखी आहे.

त्या खानेसुमारीचे छापील तक्ते अ‍ॅन्सली कोल आणि फ्रेडरिक स्टीफन या दोन अभ्यासकांनी बारकाईने पाहिले. त्यांत चौदा वर्षांचे विधुर होते १,६७०! पंधरा वर्षांचे १,४७५ आणि सोळा वर्षांचे १,१७५. चौदाव्या वर्षी लग्नच विरळा, तेथे इतके विधुर आले कोठून? आणि वय वाढते तसे ते कमी कसे होतात? आणखी एक नवल होते. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची संख्या दहा ते चौदा आणि वीस ते चोवीस या दोनच वयोगटांत फुगलेली दिसत होती.

याचे मर्म कार्डांत होते. प्रत्येक माणसामागे एक जाड कार्ड असे. त्यावर कुटुंबप्रमुखाशी नाते, वंश, स्त्री की पुरुष, वय आणि वैवाहिक स्थिती असे रकाने ओळीने येत. माहितीच्या आकड्यावर भोक पाडायचे आणि यंत्राने ती भोके मोजायची. आता थोड्याशा कार्डांवर सगळी माहिती एक घर उजवीकडे सरकली. पुरुषाचा आकडा एक. तो वयाच्या दहंच्या घरात जाऊन बसला. दहंचा आकडा एकंच्या घरात गेला. झाले! चाळिशीतला गृहस्थ चौदा वर्षांचा ठरला, पन्नाशीतला पंधराचा, साठीतला सोळाचा. वयाचा उरलेला आकडा वैवाहिक स्थितीच्या घरात पडला आणि कोणाला विधुर, कोणाला घटस्फोटित करून मोकळा झाला. तसाच नात्याचा आकडा वंशाच्या घरात शिरला आणि कित्येकांची मुले कागदावर मूळ रहिवासी झाली. कोल आणि स्टीफन यांनी हा उलगडा १९६२ साली प्रसिद्ध केला.

तुम्ही म्हणाल, पंधरा कोटींच्या देशात हजार-दीड हजारांची चूक ती काय! मोठ्या आकड्यात ती खरोखरच दिसत नाही. पण मूळ रहिवासी सारे मिळून साडेतीन लाखांच्या आतच. बहुसंख्यांच्या नोंदीतली चिमूटभर चूक थोडक्यांच्या तक्त्यात पडली की तक्ताच बिघडतो. ज्यांची संख्या थोडी, त्यांचेच चित्र आधी खोटे ठरते. आणि त्यांच्यासाठी काय करावे हे तर त्याच चित्रावरून ठरायचे असते.

बरे, चौदा वर्षांचा विधुर अगदीच अशक्य नाही, म्हणून ‘अशक्य तेवढे गाळा’ या नियमाने तो सापडत नाही. शेजारचे आकडे ताडून पाहावे लागतात. आणि विचित्र दिसला म्हणून आकडा खोडून टाकणे ही काही दुरुस्ती नव्हे. त्यात खरा दुर्दैवी पोरही खोडला जाईल. चूक कशी झाली हे आधी शोधावे, मग ज्याला त्याला आपल्या घरी पोचवावे.

आपल्याकडे १९५१ साली चिठ्ठ्या हातांनी लावून मोजणी झाली. तेथे रकाना सरकण्याची भीती नव्हती. पण वय विचारले की लोक तीस, पस्तीस, चाळीस असे ठोकळ सांगत. त्या वयांचे आकडे फुगत आणि एकोणतीस-एकतीसचे ओस पडत. खानेसुमारीचे काम करणाऱ्या शिक्षकांना हे सांगायला नकोच. मात्र वर्गात तक्ता फळ्यावर मांडाल तेव्हा मुलांना बेरीज तर विचाराच, पण हेही विचारा : ‘यातला कोणता आकडा तुम्हाला पटत नाही, आणि का?’