गलगंड काढल्यानंतर श्वासनलिका मिटते तेव्हा

गळ्यावरची गाठ सहसा दुखत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे अंगावर काढली जाते. मात्र मोठ्या गलगंडाचा दाब दीर्घकाळ राहिल्यास श्वासनलिकेच्या कूर्चा झिजून मऊ पडतात. ही अवस्था म्हणजे ‘ट्रॅकिओमलेशिया’. ती विरळ असली, तरी काही मिनिटांत जिवावर बेतू शकते.

प्रौढांची श्वासनलिका साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांब असते. १६ ते २० अर्धवर्तुळाकार कूर्चाकड्या तिला उघडी ठेवतात. कड्या दुबळ्या झाल्या, तरी तिला चिकटलेला गलगंडच एका परीने तिला धरून असतो. शस्त्रक्रियेत तो निघाला की हा आधारही जातो. मग भूल उतरल्यावर श्वासाची नळी काढताच श्वास आत ओढताना भिंती एकमेकींवर मिटतात आणि घशातून कर्कश आवाज येऊ लागतो.

त्यामुळे नळी केव्हा काढायची, हाच येथे कळीचा निर्णय ठरतो. गाठ काढल्यावर शल्यचिकित्सक श्वासनलिका बोटाने चाचपतात. भूलतज्ज्ञ नळीचा फुगा रिकामा करून बाजूने हवा सुटते का, हे पाहतात. शंका वाटल्यास नळी २४ ते ४८ तास तशीच ठेवून रुग्णाला अतिदक्षता विभागात ठेवले जाते. जखमेत रक्त साचले किंवा स्वरयंत्राच्या दोन्ही नसांना इजा झाली, तरी श्वास असाच कोंडतो; उपचार मात्र निराळे. रक्त साचले असल्यास टाके खाटेवरच उघडावे लागतात.

श्वासनलिका फारच मऊ असेल, तर तिची भिंत शेजारच्या स्नायूंना टाक्यांनी बांधून ताणून धरतात किंवा बाहेरून कृत्रिम कड्यांचा आधार देतात. अनेकदा गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली जाते, हीच ट्रॅकिओस्टॉमी. ‘गळ्याला भोक’ ऐकून नातेवाईक धास्तावतात. वास्तविक, बहुधा ती तात्पुरती असते. भोवतालच्या ऊती घट्ट झाल्यावर नळी काढली जाते आणि छिद्र बुजते.

वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथे १९६९ मध्ये सुरू झालेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन्ही मोठी रुग्णालये वर्धा शहरालगत आहेत. आष्टी, कारंजा वा समुद्रपूरकडच्या रुग्णाला श्वास कोंडल्यावर हे अंतर थोडे नाही. उताणे झोपताच दम लागणे, गिळताना अडकणे, आवाज बदलणे ही लक्षणे दिसू लागताच तपासणी करून घ्यावी. श्वासनलिका किती दबली आहे, हे सीटी स्कॅनमध्ये शस्त्रक्रियेपूर्वीच दिसते.