दहा मिलिमीटरची रेघ

फुफ्फुसाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया करायची की नाही, हे बऱ्याचदा गाठीच्या आकारापेक्षा छातीतल्या लसिकाग्रंथींवर ठरते. रोग फुफ्फुसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींपर्यंतच गेला असेल तर ती एन-१ पायरी. दोन फुफ्फुसांमधल्या जागेत त्याच बाजूला पोचला तर एन-२, आणि पलीकडच्या बाजूला किंवा गळ्याशी हंसळीच्या हाडावरच्या ग्रंथींत गेला तर एन-३. एन-३ ठरले की शस्त्रक्रियेचा विचार सहसा मागे पडतो. या ग्रंथींना क्रमांक देणारा नकाशा जपानी शल्यविशारद त्सुगुओ नारुके यांनी १९७८ मध्ये मांडला.

साध्या क्ष-किरण चित्रात हृदय, रक्तवाहिन्या आणि ग्रंथी एकावर एक पडतात, त्यामुळे ग्रंथी चांगलीच सुजल्याशिवाय दिसत नाही. १९५९ पासून स्वीडनच्या एरिक कार्लेन्स यांच्या पद्धतीने मानेच्या तळाशी छेद देऊन, आत नळी घालून ग्रंथीचा तुकडा काढता येऊ लागला. शरीराचे आडवे काप दाखवणाऱ्या, गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या सीटी यंत्राने लंडनमध्ये १९७१ साली पहिला रुग्ण तपासला, तेही फक्त डोके. छातीचे आडवे काप मिळायला आणखी काही वर्षे गेली. १९८९ च्या सुमारास आलेले सर्पिल सीटी आणि १९९८ चे बहुपंक्ती सीटी यांमुळे एका श्वासात सगळी छाती टिपता येऊ लागली.

त्यातून एक सोपा नियम रूढ झाला: ग्रंथीचा आखूड व्यास १० मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर ती संशयास्पद. नियम सोयीचा आहे, पण फसवा. लहान ग्रंथीत कर्करोग दडलेला असू शकतो आणि मोठी ग्रंथी नुसत्या दाहाने सुजलेली असू शकते. ग्रंथींत रोग पसरलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांत सीटी तो हेरत नाही, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांत दिसले आहे.

मुंबई-पनवेल परिसरात ग्रंथी तपासण्याच्या या प्रश्नाचा इतिहास अणुऊर्जेशी जोडलेला आहे. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. भाभा अणुसंशोधन केंद्राचे विकिरण वैद्यक केंद्रही परळलाच. ग्रंथीचा आकार न मोजता तिची साखरेची भूक मोजणारी पेट तपासणी भारतात प्रथम याच केंद्रात २००२ मध्ये सुरू झाली. तिला लागणाऱ्या किरणोत्सारी साखरेतले फ्लोरिन-१८ सुमारे ११० मिनिटांत निम्मे होते, म्हणून ते बनवणारे सायक्लोट्रॉन यंत्र जवळ असणे गरजेचे. २००४ च्या अखेरीस टाटा मेमोरियलमध्ये पेट आणि सीटी एकाच यंत्रात आले. त्याच दशकाच्या सुरुवातीला टाटा मेमोरियल केंद्राची कर्करोग संशोधन संस्था परळहून पनवेल तालुक्यातल्या खारघरला हलली. तिथल्या अ‍ॅक्ट्रेक नावाच्या संकुलात आज संशोधनाबरोबर उपचारही होतात.

तरी महाराष्ट्रात पेटलाही चकवणारा एक जुना रोग आहे: क्षय. क्षयाच्या दाहातल्या पेशीही साखर खातात, त्यामुळे जुन्या क्षयाची ग्रंथी पेटवर कर्करोगासारखीच उजळते. इथे सीटी पुन्हा कामी येते. ग्रंथीत चुना साठलेला असेल किंवा ती आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांपेक्षा घन दिसत असेल, तर उजळूनही ती निरुपद्रवी असण्याची शक्यता वाढते. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतले आकडे इथे जसेच्या तसे वापरणे धोक्याचे, ते क्षयामुळेच.

२००६ च्या सुमारास आलेले द्वि-ऊर्जा सीटी दोन वेगळ्या ऊर्जांच्या क्ष-किरणांनी शिरेतून टोचलेले आणि ग्रंथीत शिरलेले आयोडीन मोजते, म्हणजे आकाराऐवजी रक्तपुरवठा पाहते. २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले फोटॉन-मोजणी सीटी तेच अधिक बारकाईने करते. संशयास्पद ग्रंथीचे निदान मात्र आजही ऊतकावरच पक्के होते. त्यासाठी आता मानेला छेद देण्याऐवजी बहुधा श्वासनलिकेतून अल्ट्रासाउंडच्या मदतीने सुई घातली जाते, आणि ती कोणत्या ग्रंथीत घालायची हे सीटी-पेटच्या चित्रावरून ठरते.