आयकॉन बदलायचा तास : एमएस-सीआयटीची वाटचाल, अंबाजोगाईतून पाहिलेली

२० ऑगस्ट २००१ रोजी महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एमकेसीएलची, कंपनी म्हणून नोंदणी झाली. पुढाकार राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाचा, भागधारक सरकार आणि राज्यातली विद्यापीठे, मुख्यालय पुण्याला. कारभार सी-डॅकचा अनुभव गाठीशी असलेल्या विवेक सावंत यांच्याकडे आला. पाठोपाठ एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम निघाला. कंपनीने स्वतःच्या इमारती बांधत बसण्याऐवजी गावोगावच्या खासगी क्लासचालकांना आणि शिक्षणसंस्थांना अधिकृत अध्ययन केंद्रे दिली. गाळा त्यांचा, संगणक त्यांचे. अभ्यासक्रम आणि व्यवस्था एमकेसीएलची, प्रमाणपत्र तंत्रशिक्षण मंडळाचे. म्हणून तर हा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावी इतक्या लवकर पोचला.

आमच्या अंबाजोगाईला शिक्षणाचे नवल नव्हते. इथल्या योगेश्वरी संस्थेच्या शाळेत हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. पुढे सत्तरच्या दशकात इथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आले, ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. केज, धारूर, परळीकडची मुले आजही इथे खोली करून शिकतात. त्यात एमएस-सीआयटी आले तेव्हा दिल्लीत माहिती तंत्रज्ञान खाते प्रमोद महाजनांकडे होते, आणि महाजन तर इथेच लहानाचे मोठे झालेले. गावाला अभिमान होताच. संगणकाला हात लावायचा तर मात्र फी भरूनच बसावे लागे.

गर्दी झाली ती हौसेपेक्षा धाकाने. सरकारी कर्मचाऱ्यांना संगणकाचे ज्ञान सक्तीचे झाले, आणि मुदतीत, म्हणजे ३१ डिसेंबर २००७ पर्यंत, परीक्षा पास न झालेल्यांच्या वेतनवाढीवर गदा आली. वसुलीची प्रकरणे पुढे कितीतरी वर्षे चालली. त्यामुळे केंद्रात दोन पिढ्या शेजारी बसत : डीएडची मुले आणि त्या मुलांना पाढे शिकवलेले गुरुजी. शिकवणारी मुलगी विशीतली. “गुरुजी, माउस उचलायचा नाही, टेबलावरच सरकवा,” हे वाक्य तिला दिवसभर म्हणावे लागे. लोडशेडिंग वेगळेच. यूपीएसची टीटी सुरू झाली, की पहिले काम फाइल सेव्ह करायचे, हे मात्र सगळ्यांना न शिकवता आले.

माझ्या मते या अभ्यासक्रमातला सगळ्यात मोलाचा भाग पुस्तकात दोन-चार पानांत उरकला जाई : डेस्कटॉप आपल्याला हवा तसा लावणे. परीक्षेत त्यावर एखादा पर्यायी प्रश्न. पण भीती गेली ती त्या तासाला.

पडद्यावरच्या या चित्रांची गोष्ट मोठी आहे. टेबल, कागद, फाइल, टपालपेटी अशी चित्रे पडद्यावर मांडलेला संगणक झेरॉक्स कंपनीने १९८१ मध्ये ‘स्टार’ नावाने विकायला काढला. १९८४ च्या मॅकिंटॉशसाठी सुझन केअर यांनी आलेखाच्या कागदावर बत्तीस बाय बत्तीस चौकटी रंगवत आयकॉन काढले, विंडोज ३.० च्या आयकॉनांवरही त्यांचा हात फिरला. चित्राने समजावणे आमच्या गावाला नवे नाही म्हणा. संतकवी दासोपंतांनी पंचीकरण हा वेदान्तातला विषय समजावताना सुमारे ४० फूट लांबीच्या पासोडीवर मजकुराबरोबर आकृत्याही काढल्या, आणि ती पासोडी अंबाजोगाईतच आहे.

केंद्रातला तो तास असा चाले. विंडोज एक्सपीवर एक नवा फोल्डर करायचा. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कस्टमाइज, चेंज आयकॉन. की समोर शेल३२ नावाच्या फाइलमधली चित्रांची लांबच लांब रांग उघडते : झाड, कुलूप, किल्ल्या, तारा, पृथ्वीचा गोल. गुरुजी रांग पुढे सरकवत, पुन्हा मागे आणत, शेवटी झाडावर येऊन थांबत. ओके, अप्लाय. पिवळा फोल्डर जाऊन पडद्यावर झाड उभे. एवढा वेळ यंत्र सांगेल तसे गुरुजी करत होते. आता गुरुजींनी सांगितले आणि यंत्राने ऐकले.

मुले त्याच्या पुढे जात. पेंटमध्ये बत्तीस बाय बत्तीसचा कागद घ्यायचा, चित्र मोठे करून एकेक चौकट रंगवायची आणि फाइलच्या नावापुढे बीएमपीऐवजी आयसीओ लिहायचे. एक्सपी ते चित्र आयकॉन म्हणून चालवून घेई. मागचा पांढरा चौकोन मात्र जात नसे. चित्र पेनड्राइव्हवर ठेवून आयकॉन लावला, तर ड्राइव्ह काढल्यावर तो गायब. तो फोल्डर घरच्या संगणकावर नेला, तर तिथे पुन्हा पिवळाच. आयकॉन म्हणजे फाइल नव्हे, फाइलचा पत्ता सांगणारी पाटी, हे असे हाताने कळे. शॉर्टकट उडवला तरी मूळ फाइल शाबूत राहते, हे कळल्यावर तर कित्येकांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

अडत असे ते मराठीपाशी. आयकॉनखाली ‘हजेरीपट’ लिहायचे होते. श्री-लिपी, आकृती यांसारख्या जुन्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक जागांवर मराठी आकार बसवलेले असत. कागदावर छापून सुरेख येई, पण आयकॉनखालचे नाव विंडोज स्वतःच्या फाँटमध्ये दाखवी, आणि तिथे मराठीचा नुसता चिवडा होई. म्हणून ‘हजेरी’ रोमन लिपीतच लिहा, असे सांगून तास पुढे जाई. खरे तर विंडोज २००० पासून युनिकोडमधून देवनागरीची सोय झाली होती. त्यासाठीचा मंगल हा फाँट आपल्याच र. कृ. जोशींनी घडवलेला. पण एक्सपीत कंट्रोल पॅनेलच्या भाषांच्या पानावर एक खूण करावी लागे आणि मग यंत्र मूळ सीडी मागे. ती सीडी केंद्रात नेमकी त्याच वेळी सापडत नसे.

त्यानंतरचा प्रवास झपाट्याचा. राजस्थानने २००८ मध्ये याच धर्तीवर आपले ज्ञान महामंडळ काढले. एमएस-सीआयटी केलेल्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल थांबवली, केंद्रांतली यंत्रे बदलली, पाठ्यक्रमात स्मार्टफोन, सायबर सुरक्षा आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्ताही आली. आजचा विद्यार्थी येतो तो खिशातल्या फोनचे आयकॉन आधीच मनासारखे लावून. गुरुजींची भीती त्याला ठाऊक नाही. पण फाइल कुठे ठेवली आणि पाटी कुठे लावली, यातला फरक त्यालाही ठाऊक नसतो. फोन तो फरक कधी दाखवतच नाही.

एक तक्रार जुनीच आहे. बहुतेक केंद्रांत पोरांनी सेटिंग बिघडवू नये म्हणून डेस्कटॉपला कुलूप असते : वॉलपेपर बदलत नाही, किंवा यंत्र बंद करून चालू केले की सगळे मूळपदावर. केंद्रचालकाची अडचण समजते. वीस यंत्रे रोज कोण नीट लावत बसणार? पण हात लावायला मनाई असलेल्या डेस्कटॉपवर डेस्कटॉप शिकवणे म्हणजे पाण्यात न उतरता पोहणे. तेव्हा केंद्रचालकांना विनंती एवढीच, की दर बॅचला एक दिवस कुलूप काढा, प्रत्येकाला एक फोल्डर करू द्या, त्याला मराठीत नाव देऊ द्या आणि आवडेल तो आयकॉन लावू द्या. आता त्यासाठी सीडीही लागत नाही.