लहान पोपटाची निवड आणि त्याला माणसाळविण्याची रीत

ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात पांढुर्णा आणि सौसर या दोन्ही भागांत मराठी घरे मोठ्या संख्येने आहेत. ओसरीवर टांगलेला पिंजरा आणि त्यातल्या हिरव्या राघूला शिकविलेले ‘विठू विठू’ हे चित्र अशा घरांना परके नाही. मात्र हा राघू पाळणे हा गुन्हा आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या गावीही नसते.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मधील दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तीनुसार गळ्यात गुलाबी कंठ असलेला आपला नेहमीचा पोपट दुसऱ्या अनुसूचीत येतो. ‘पहाडी’ म्हणून विकला जाणारा मोठा पोपट आणि जांभळट डोक्याचा लहान पोपट यांनाही संरक्षण आहे. त्यांना पकडणे, विकणे वा बाळगणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बाजारात येणारी पिल्ले हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत झाडांच्या ढोलीतून, पुरते पंख फुटण्याआधीच काढलेली असतात. घरात असा पक्षी आधीपासून असेल, तर त्याला एकाएकी उडवून देणे ही दया नव्हे; पिंजऱ्यात वाढलेल्या राघूला चारा शोधता येत नाही. त्याला वनपरिक्षेत्र कार्यालयाच्या स्वाधीन करावे.

पाळण्याजोगा लहान पोपट म्हणजे बजरीगर, ऊर्फ बजी. तो मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला. जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये तो जिवंत इंग्लंडला नेला आणि तेथून त्याची पैदास जगभर पसरली. लांबी सुमारे १८ सेंटिमीटर, वजन ३० ते ४० ग्रॅम. आपल्याकडचे दुकानदार त्यालाच सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, आखूड शेपटीचा आणि जाड चोचीचा. हा भेद केवळ नावापुरता नाही. लव्हबर्डच्या अनेक जाती आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या यादीत आहेत आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा पक्ष्यांची ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. बजी त्या यादीत नाही. कोणताही पक्षी घेताना पावती मात्र मागावी.

निवडताना रंगाला भुलू नये, वय पाहावे. सहा ते आठ आठवड्यांचे पिल्लू सर्वांत लवकर माणसाळते. त्याच्या कपाळावरच्या काळ्या आडव्या रेघा थेट चोचीपर्यंत आलेल्या असतात आणि डोळे पूर्ण काळे असतात. तीन-चार महिन्यांनी पहिली पीसगळ झाली की रेघा मागे सरतात. पुढे बुबुळाभोवती पांढरे कडे उमटते. चोचीवरची नाकपुड्यांची कातडी प्रौढ नरात बहुधा निळी, मादीत पांढुरकी वा तपकिरी असते. पांढऱ्या आणि पिवळ्या वाणांत ही खूण फसवी ठरते. बोलायला नर अधिक लवकर शिकतो. पिसे फुगवून तळाशी बसलेला किंवा शेपटीखाली घाण लागलेला पक्षी स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

घरी आणल्यावर पहिले तीन-चार दिवस त्याला हात लावू नये. पिंजरा डोळ्यांच्या उंचीवर आणि एक बाजू भिंतीला लागून असावा. रोज ठरावीक वेळी, एकाच माणसाने जवळ बसून हळू आवाजात बोलावे. मग दारातून राळ्याचे कणीस धरावे. तो निर्धास्तपणे खाऊ लागला की बोट पोटाच्या खालच्या बाजूला, पायांच्या किंचित वर टेकवावे. तो आपोआप बोटावर चढतो. दहा-दहा मिनिटांची दोन सत्रे पुरतात. वरून झडप घालून पकडणे ही सर्वांत मोठी चूक, कारण पक्ष्याच्या लेखी वरून येणारा हात म्हणजे ससाणाच. एकटा बजी माणसाशी लवकर जुळतो, पण दिवसभर घर रिकामे राहणार असेल तर जोडीच बरी, मग ती माणसाला थोडी कमी लागली तरी चालेल. खोलीत मोकळा सोडण्यापूर्वी पंखा बंद करावा, आरसे झाकावेत.

खायला राळे, बाजरी आणि थोडी कोथिंबीर वा मेथी, चोचीसाठी समुद्रफेस. चहा, चॉकलेट, अ‍ॅव्होकाडो कटाक्षाने टाळावे. बसायला दांडी म्हणून संत्र्याची फांदी या भागात सहज मिळते, पण फवारणी झालेल्या बागेतली नको. मे महिन्यात पिंजरा उन्हाच्या झळांपासून दूर ठेवावा. चिकटू नये म्हणून लेप दिलेला तवा अति तापला, तर त्याच्या धुरानेही बजी दगावतो.

आजार लपविणे हा पक्ष्याचा स्वभाव आहे. तो सुस्त दिसू लागतो तेव्हा दुखणे बरेच पुढे गेलेले असते. पांढुर्ण्याहून नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुमारे शंभर किलोमीटरवर आहे, सौसरहून त्याहून जवळ. एवढा प्रवास लक्षात घेता दाणे खाणे थांबलेला पक्षी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा.