विलंबमापन, संगणक-समूहातील
संगणक-समूहातील एका यंत्रावरून निघालेला छोटा संदेश दुसऱ्या यंत्रापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ मोजण्याची पद्धत. मोठे गणित अनेक यंत्रांत वाटले की प्रत्येक टप्प्यावर ती एकमेकांच्या उत्तरांसाठी थांबतात, म्हणून हा वेळ निर्णायक ठरतो. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने ‘परम’ महासंगणकांच्या मालिकेसाठी ‘परमनेट’ हे स्वतःचे जोडजाळे विकसित केले, त्यामागे हा वेळ कमी ठेवण्याचीही निकड होती; २००३ च्या ‘परम पद्म’मध्ये त्याची दुसरी आवृत्ती होती.

दोन यंत्रांची घड्याळे मायक्रोसेकंदापर्यंत जुळवणे अवघड असते. त्यामुळे संदेश पाठवून परत आणतात आणि एकाच घड्याळावर मोजलेला वेळ निम्मा करतात. सुरुवातीच्या फेऱ्या सोडून हजारो फेऱ्या घेतात. नुसती सरासरी फसवी असते. मध्यक आणि सर्वांत संथ फेऱ्या पाहायलाच हव्यात, कारण एक रेंगाळलेला संदेश सगळ्या समूहाला अडवतो. नेहमीची ‘पिंग’ आज्ञा येथे अपुरी पडते. प्रत्यक्ष गणित ज्या एमपीआय या संदेशवहनाच्या मार्गाने चालते, त्याच मार्गाने चाचणी घ्यावी. प्रत्येक जोडी तपासली की सैल केबल किंवा बिघडलेले पोर्ट उघडे पडते.

इन्फिनिबँड या वेगवान जोडजाळ्यावर हा विलंब एक-दोन मायक्रोसेकंद, तर साध्या इथरनेटवर बहुधा दोन अंकी मायक्रोसेकंद असतो. प्रकाशतंतूत दर किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद जातात. समूहाची यंत्रे समजा पुणे आणि लोणंद या दोन ठिकाणी विभागली, तर त्यांतले अंतर सरळ रेषेतही ६० किलोमीटरांहून अधिक आहे. म्हणजे नुसत्या अंतरापायी एकेरी ३०० मायक्रोसेकंदांहून अधिक विलंब.