आचार्य बसू आणि पेटंटाचा प्रश्न

१९०१ साली लंडनमध्ये एका तारायंत्र कंपनीच्या धनाढ्य मालकाने जगदीशचंद्र बसूंपुढे पेटंटाचा कागद आणि नफ्यातील वाटा ठेवला. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील या प्राध्यापकाने तो नाकारला. पुढे सारा बुल या अमेरिकन स्नेही बाईंच्या आग्रहाने मात्र त्यांच्या विद्युत्‌तरंग टिपणाऱ्या उपकरणाचे पेटंट १९०४ साली अमेरिकेत मंजूर झाले. त्यातून पैसा करण्याची खटपट बसूंनी केली नाही. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी बसू विज्ञान मंदिराचे उद्घाटन करताना त्यांनी तेथील शोधांवर पेटंट न घेण्याचा संकल्पच जाहीर केला.

संकल्प उदात्त खरा. पण त्याग वेगळा आणि रक्षण वेगळे. हक्क सोडलेल्या वस्तूत थोडी भर घालून दुसरा कोणी त्या भरीला कुंपण घालू शकतो. १९८९ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी संगणक-प्रणालींसाठी जो सार्वजनिक परवाना सिद्ध केला, त्याने हा पेच उलट बाजूने सोडविला. स्वामित्वहक्क टाकायचा नाही. त्याच्याच बळावर अट घालायची, की सुधारलेली प्रत वाटणाऱ्याने तिची मूळ संहिताही तितक्याच मोकळेपणाने द्यावी. अमेरिकन विद्यापीठांतून निघालेले बीएसडी आणि एमआयटी हे परवाने अशी अट घालीत नाहीत. बसूंची वृत्ती या दुसऱ्या पंथाची.