गुडघा बदलला, दुखणे उरले

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला वर्ष उलटले, तरी माझ्या आईला जिना उतरताना कठडा सोडवत नसे. रात्री कूस बदलताना ती कण्हायची. तपासणीला गेलो की डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणत, "आजी, सांधा अगदी छान बसलाय." आई गप्प होई. सांधा छान आणि तरी दुखते, म्हणजे आपलेच काहीतरी चुकत असणार, असे तिला वाटे. तिची ही समजूत कुठून आली, हे या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचताना मला कळले.

१८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक या शल्यविशारदाने क्षयाने किडलेल्या गुडघ्यात हस्तिदंताचा सांधा बसवला. जंतुसंसर्गामुळे त्याचे प्रयत्न फसले. पुढे स्वीडनमध्ये वाल्डियस यांनी १९५१पासून बिजागरीचे गुडघे बसवले. पण बिजागरी फक्त पुढेमागे हलते. खरा गुडघा वाकताना थोडा सरकतो, थोडा फिरतोही. हे ओळखून गन्स्टन यांनी १९६८च्या सुमारास इंग्लंडमध्ये बिजागरीविना, वर धातू आणि खाली प्लॅस्टिक असा सांधा केला. १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये इन्सॉल, वॉकर आणि आपले भारतीय वंशाचे डॉ. चित्तरंजन रानावत यांचा गुडघा आला. आजचे बहुतेक कृत्रिम गुडघे त्याच घराण्यातले. याच रानावतांनी २००० आणि २००१ साली मुंबईत पंतप्रधान वाजपेयींचे गुडघे बदलले, आणि या शस्त्रक्रियेची चर्चा आपल्या ओसरीपर्यंत आली.

या साऱ्या काळात यश मोजले जाई ते मुख्यतः सांध्याचे. तो किती वर्षे टिकला, किती वाकला? दुखण्याची नोंद होई, पण तीही बहुधा डॉक्टरांच्या हातची. १९९८ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी बारा प्रश्नांचा तक्ता केला आणि तो रुग्णानेच भरायचा असे ठरले. रात्री दुखते का? जिना उतरता येतो का? साधेच प्रश्न, पण ते थेट रुग्णाला विचारलेले होते.

उत्तरे जमत गेली. २०१२ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पाचांपैकी साधारण एकाला दीर्घकाळ दुखत राहते असे दिसले. चौघांना सुख लाभते, ही गोष्ट मोठीच आहे. पण पाचवाही खोटे बोलत नव्हता. २०२२ साली लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला स्वतंत्र जागा मिळाली.

अशा दुखण्याची कारणेही अनेक. कधी छुपा जंतुसंसर्ग, कधी सैल झालेला सांधा, कधी खुब्याचे किंवा कमरेचे दुखणे गुडघ्यात उतरलेले, तर कधी वर्षानुवर्षांच्या वेदनेने हळव्या झालेल्या नसा. म्हणून तीन महिन्यांनंतरही दुखत असेल, तर "वयच झालं" म्हणून सोडू नये. पुन्हा तपासणी मागावी. ब्रिटनमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा रुग्णांना तपासून योग्य त्या तज्ज्ञाकडे पाठवले आणि फोनवरून त्यांची विचारपूस चालू ठेवली. वेदना नाहीशी झाली नाही, पण थोडी हलकी झाली.

आईने पुढे दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवून विचारले, "आजी, नक्की कुठे आणि केव्हा दुखतं, ते सांगा." आई अर्धा तास बोलत होती. औषध बदलले, व्यायाम बदलला. कठडा ती अजून धरते, पण रात्री झोप लागते. आणि दुखले, तर आता ती तसे सांगते.